टूजी बंद करण्याआधी 112 लावून बघा

आई साताऱ्याहून माझ्याकडे ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोला आली होती, तेव्हाची गोष्ट. तिच्या फोनमध्ये इथलं सिम घातलं. फोन लागत होता, व्हॉट्सअ‍ॅप चालत होतं, रोज रात्री मावशीशी तासभर गप्पा. मग एक दिवस मेसेज आला की या हँडसेटवरून 000 लागणार नाही, म्हणून तो बंद करण्यात येईल. 000 म्हणजे इथला तातडीचा नंबर, आपलं 112. "अगं, पण चांगला चालतोय की!" आई म्हणाली.

चालत होता तो फोरजीवर. पण काही मॉडेलं साधा कॉल फोरजीवरून लावतात आणि तातडीच्या नंबरासाठी मात्र थ्रीजीवर, म्हणजे आधीच्या पिढीच्या नेटवर्कवर, उतरतात. रोजच्या वापरात हे कुणाला कळणारच नाही. कळणार ते घरात कुणाच्या छातीत कळ आल्यावर. टेलस्ट्रा आणि ऑप्टस या तिथल्या फोन कंपन्यांनी 28 ऑक्टोबर 2024 ला थ्रीजी काढलं, आणि खाली उतरायला टूजीही उरलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातून ते 2018 पर्यंतच गेलं. मार्च 2024 मध्ये, तातडीचा कॉल फोरजीवरून न लावणारे असे सुमारे 7 लाख 40 हजार हँडसेट असल्याचा अंदाज पुढे आला. टेलस्ट्रानं तारीख दोनदा पुढे ढकलली. 3498 वर '3' असा मेसेज पाठवला की आपल्या फोनचं काय होणार ते कळायचं. तीन कोटींहून कमी लोकांच्या देशात एवढी यातायात करावी लागली.

आपल्याकडे उलटं झालं. थ्रीजी बहुतेक ठिकाणी गेलं, टूजी राहिलं. जिओ 2016 पासून फोरजीवरच उभी आहे, तिला टूजी सांभाळावं लागत नाही. म्हणून 'टूजीमुक्त भारत' ही हाक तिकडून येते. 2020 मध्ये मुकेश अंबानी म्हणाले होते की 30 कोटी ग्राहक टूजीत अडकलेत. टूजी गेलं तर स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइलच्या लहरींसाठीची जागा, मोकळा होईल, हे मला मान्य आहे. पण 'अडकलेत' हा शब्द खटकतो. पाटणजवळच्या खेड्यात राहणारे माझे काका बटणांचा फोनच वापरतात. मोतीबिंदूमुळे त्यांना स्क्रीन दिसत नाही, पण बटणं बोटांना कळतात. चार्जिंग चार दिवस पुरतं. रेंजसाठी वडापर्यंत चालत जावं लागतं, तेवढं ते जातात.

कव्हरेजच्या टक्केवारीनंही कुणी हुरळून जाऊ नये. टेलस्ट्रा 99.7 टक्के लोकसंख्येपर्यंत पोचल्याचं सांगते, पण ऑस्ट्रेलियाची निम्म्याहून जास्त जमीन तिच्या रेंजबाहेर आहे. गाडी बंद पडते ती दोन गावांच्या मधेच.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं, म्हणजे आपल्याकडच्या दूरसंचार नियामकानं, फक्त बोलण्या-मेसेजचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. ज्यांना नेट नको, त्यांची आठवण तिथे ठेवली गेली. टूजीला हात लावण्याआधीही तीच ठेवा: विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मॉडेलवरून फोरजीवर 112 लावून बघा, आणि ज्याच्या फोनवरून लागत नाही त्याला मराठीत, त्याच्या नंबरावर कळवा.

आईचा फोन तिच्याबरोबर साताऱ्याला परत गेला. रात्री-अपरात्री वेळ आलीच तर तिथे 112 लागेल, कारण खाली टूजी अजून आहे.