गिरणी संपाच्या इतिहासात खाणावळवाल्या बायका कुठे आहेत?

दरवर्षी १८ जानेवारी आली की मुंबईतल्या १९८२ च्या कापड गिरणी संपावर भरभरून लिहिलं जातं. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, बोनसचा वाद, एकाच युनियनला मान्यता देणारा १९४६ चा कायदा, गिरण्यांच्या जागी उठलेले टॉवर. लिहायलाच हवं. पण माझी आजी त्यात कुठेच सापडत नाही, आणि हे मला फार लागतं.

आजी लालबागच्या चाळीत खाणावळ चालवायची. कोकणातले, घाटावरचे गडी बायकामुलं गावी ठेवून यायचे, एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे. त्यांना जेवू घालणाऱ्या या बायका. पहिल्या पाळीचे डबे निघाले की रात्रपाळीवाल्यांची ताटं. सगळं उधारीवर, हिशेब पगाराला. वाणी मात्र थांबायचा नाही. मग सावकार, व्याज, गहाण पडलेलं मंगळसूत्र.

१९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो. आजीपर्यंत ते पोचलं प्रेमा पुरव यांच्यामुळे. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या या बाईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खाणावळवाल्यांचे गट केले आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजीचं मंगळसूत्र सुटलं ते तेव्हा.

आणि मग संप. आजीने एकाचंही ताट बंद केलं नाही. "संपावरच्या माणसाला उपाशी ठेवू?" म्हणायची. हिशेब बाबा लिहायचे, शाळेच्या वहीत: नाव, गाव, खाडे, बाकी. ती वही मी पाहिली आहे. फेब्रुवारी ८२ नंतर 'जमा'चा रकाना कोराच. माणसं एकेक करून गावी गेली. आजीने पितळी टोप मोडीत घातले आणि बँकेचे हप्ते भरले. काहींनी पुढे गावाहून तांदूळ, कुळीथ पाठवून बाकी फेडली. बऱ्याच जणांना नाही जमलं; त्यांना तिने कधी बोल लावला नाही.

संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. तो इतका लांबला तो नुसत्या सभांच्या जोरावर नव्हे. गिरणगावातल्या बायकांनी पदरचं घालून त्याला जेवू घातलं. याला मी संपातला सहभाग म्हणतो, मदत नाही. गिरणी कामगारांसाठीच्या सरकारी योजनेतल्या घरांवरचा त्यांचा हक्क शंभर टक्के खरा. पण तिथे गिरणीतल्या नोकरीचा पुरावा लागतो, आणि खाणावळवालीचं नाव कुठल्या हजेरीपटावर असणार?

लालबाग, परळ, डिलाईल रोड, काळाचौकी, कुणाच्याही घरी अशी वही असेल तर कृपा करून रद्दीत घालू नका. वही नसेल तर आठवेल ते कमेंटमध्ये लिहा: बाई कुठल्या गावची, कुठल्या चाळीत, किती ताटं वाढायची, संपात तिचं काय झालं. मी हे सगळं एका ठिकाणी उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे.