दुधीचं स्थळ

इंदुरात राहून घरात कचरा साठवणं ही काय चीज आहे, ते बाहेरगावच्या माणसाला कळायचं नाही. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर पटकावलेलं हे गाव. इथे माणूस रात्री उशिरा घरी आला तर कोणी विचारत नाही, पण सकाळी गाडीत डबा रिकामा झाला नाही तर समोरच्या काकू फाटकापाशी येऊन "सगळं ठीक आहे ना?" करतात. अशा गावात मी भाज्या लावायचं मनावर घेतलं आणि खतासाठी ओला कचरा घरातच ठेवायला सुरुवात केली.

"गाडीवाला काय म्हणेल?" बायकोने विचारलं.

"काय म्हणणार?"

"यांच्याकडे स्वयंपाकच होत नाही म्हणेल."

माझी बाजू तशी भक्कम होती. कंपोस्टच्या ज्या पद्धतीला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात, ती आपल्याच गावची. आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'त होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ते मधूनमधून उलथेपालथे करायचे, की तीन महिन्यांत खत तयार. त्यांनी आणि यशवंत वाड यांनी मिळून १९३१ साली यावर पुस्तक काढलं. वाड हे नाव ऐकताच आई जपमाळ थांबवून म्हणाली, "कुठले रे हे वाड?" ते मला सांगता आलं नाही, पण तेवढ्यावर आई माझ्या बाजूने झाली. आपल्या माणसाने लिहिलंय म्हटल्यावर वास येणार नाही, अशी तिची खात्री पटली.

वास आला. त्यात वाडांचा दोष नाही. हॉवर्डसाहेबांचा खड्डा होता ३० फूट लांब आणि १४ फूट रुंद, आणि आमच्याकडे होता दिवाळीत उरलेला डिस्टेंपरचा रिकामा डबा. त्यात पुन्हा शेणाची पंचाईत. गाव चकाचक झालं आणि रस्त्यावरची गाय दिसेनाशी झाली. शेवटी शेण ऑनलाइन मागवलं. दारात पोरगा खोकं घेऊन उभा आणि मी आतून ओरडून ओटीपी सांगतोय, हे सगळं बायकोने मोबाईलवर टिपलं आणि माहेरच्या ग्रुपवर टाकलं. तिच्या भावाने खाली लिहिलं, "दाजी, शेण खरेदी केल्याबद्दल अभिनंदन." हा माणूस आमच्या लग्नात माझे बूट राखायला बसला होता.

चिरंजीवांचा आक्षेप वेगळा. देवगुराडियाच्या प्लांटमध्ये २०२२ पासून शहराच्या ओल्या कचऱ्याचा गॅस करतात, रोज ५५० टन कचरा पचवायची त्याची ताकद, आणि त्या गॅसवर सिटी बसेस धावतात. कॉलेजला जायला बस उशिरा आली की घरात शिरता शिरता तो म्हणतो, "बाबा, आज दुधीची सालं ठेवून घेतलीत ना?"

माती मात्र विकत घ्यावी लागली नाही. अंगणात माळव्याची काळीभोर माती आहे. शेतकरी तिच्यावर जीव टाकतो, कारण ती ओल धरून ठेवते. मी चप्पल टाकली, तीही तिने धरून ठेवली. पावसाळ्यात ती सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिला चुलत्यांच्या वाटणीसारख्या भेगा पडतात. कुंड्यांसाठी तिच्यात वाळू आणि खत मिसळा, असं माळीबाबांनी सांगितलं. माळीबाबा महिन्यातून एकदा येतात, कंबरेवर हात ठेवून सगळीकडे बघतात, "बाबूजी, इसमें दम नहीं है" म्हणतात आणि पैसे घेऊन जातात.

टोमॅटो धरले, पण बुडाशी काळे पडायला लागले. लगेच जो तो डॉक्टर. चुना घाला, ताक घाला, अंड्याची टरफलं घाला. आमच्या घरात अंड्याची टरफलं! नाक्यावरच्या आमलेटवाल्याकडे पिशवी घेऊन गेलो, तर तो म्हणाला, "भिया, अंदर का माल भी ले जाओ, शरमाना क्या." आईपासून लपवून टरफलं कुटली, मातीत घातली आणि टोमॅटो काळे पडतच राहिले. खरं दुखणं पाण्याचं होतं. फळापर्यंत कॅल्शियम पोचतं ते पाण्याबरोबर, आणि पाणी कधी भरपूर, कधी ठणठणीत, असं झालं की बूड सडतं. आमच्या नळाची नर्मदा येते थेट नदीकाठच्या जलूदहून, घाट चढून, एक दिवसाआड. आल्या दिवशी टाकी भरायची, पिंप भरायचं, कपडे धुवायचे आणि उरलं तर टोमॅटो. टोमॅटोला हे वेळापत्रक मानवलं नाही. खताच्या डब्यात कुणीही न लावता उगवलेल्या रोपाला मात्र छान लालबुंद टोमॅटो लागले. मी ज्यांच्यासाठी कॅल्शियमचा अभ्यास केला, ती रोपं त्याच्या शेजारीच माना टाकून उभी.

पपईची तऱ्हा आणखी निराळी. बियांपासून लावलेली पपई नर आहे की मादी, ते फुलं आल्याशिवाय कळत नाही. महिनोन्महिने पाणी घालायचं, खत घालायचं आणि वाट बघायची. मुलगी व्हावी म्हणून आमच्या घराण्यात देव पाण्यात ठेवायची ही पहिलीच वेळ. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झाल्यावर पपईपाशी थांबायची. शेवटी फुलं आली ती लांब लोंबत्या देठांवर, झुपक्यांनी. माळीबाबांनी लांबूनच निकाल दिला, "लड़का है. काट दो." आईला ते सहन होईना. "मुलगा झाला म्हणून कापतात का कुठे? राहू दे, घरचा आहे." तो राहिला. कंपाउंडच्या वर डोकं काढून उभा असतो, फळाच्या नावाने शून्य.

गच्चीवरचा दुधीचा वेल मात्र मांडवभर पसरला. दुधीची फुलं पांढरी, तिन्हीसांजेला उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मलूल होतात. सुरुवातीला नुसती नर फुलं आली, उंच देठावर ताठ. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या पाठीशी बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीपासून चिकटलेला असतो. पण परागकण पोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. हे पोचवायचं काम रात्रीच्या पतंगांचं. आमच्याकडे पतंग यायचे, नाही असं नाही, पण ते थेट शेजारच्या ट्यूबलाइटला जाऊन चिकटायचे. तेव्हा हे कार्य आपल्यालाच उरकावं लागणार, हे ठरलेलं होतं.

आणि पहिलं मादी फूल उमललं ते नेमकं पुतणीला बघायला मंडळी आली त्या संध्याकाळी.

मंडळी उज्जैनची, मुलगा भोपाळला नोकरीला. खाली दादा-वहिनींच्या बैठकीत पोहे, शेव, जिलबी असा सगळा थाट. मी नव्या कुर्त्यात, हातात टॉर्च घेऊन वर. आज चुकलं तर फूल गेलं. खाली मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलीचे काका दिसत नाहीत?" वहिनी काही बोलायच्या आत चिरंजीव म्हणाले, "बाबा गच्चीवर आहेत. लग्न लावतायत."

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. मी एका हातात तोडलेलं नर फूल आणि तोंडात टॉर्च धरून वेलाखाली वाकलेलो. मुलाचे वडील चष्मा पुसत जवळ आले. मी टॉर्च काढून नमस्कार करणार, तेवढ्यात त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि फुलावर धरला.

"आधी पाकळ्या काढा नराच्या," ते म्हणाले. "पाकळ्यांनी अडतं."

मी पाकळ्या सोलल्या.

"आता हळू. घासू नका, टेकवा. तिन्ही भागांना लागलं पाहिजे."

मी टेकवलं. बोटाला पिवळी भुकटी लागली होती, कुर्त्यालाही लागली. मग त्यांनी सांगितलं, की खरा वैरी फळमाशी. कोवळ्या फळाला ती डंख मारून आत अंडी घालते आणि फळ वाकडं होऊन सडतं, तेव्हा आजच कापडी पिशवी बांधून टाका. बांधायला काही मिळेना, तर त्यांनी खिशातला धुतलेला रुमाल काढून दिला. खालून चहा गार होत असल्याचे निरोप येत होते. आम्ही मिरचीची पानं मुरडणाऱ्या बोकड्या रोगावर होतो.

आम्ही खाली उतरेपर्यंत मुलामुलीने परस्पर ठरवून टाकलं होतं, की हे जमायचं नाही. तिला पुण्याला जायचंय, त्याला भोपाळ सोडायचं नाही. दोघांचं इतकं एकमत झालेलं पाहून आई हळहळली, एवढं जुळतंय तर करून टाकायला काय हरकत होती. वहिनींच्या मते स्थळ मोडलं ते माझ्यामुळे. व्याही बैठकीत बसले असते तर बोलणी पुढे सरकली असती.

स्थळ मोडलं, दुधी धरला. नुसता धरला नाही, त्याने उच्छाद मांडला. एक काढावा तर मागे दोन तयार. कोफ्ते झाले, हलवा झाला, थालीपीठ झालं, मग घरात दुधीचं नाव काढायला बंदी झाली. वाटायला निघालो तर कॉलनीत प्रत्येकाच्या गच्चीवर दुधी नाहीतर गिलकी. काकूंना दुधी दिला की पिशवी रिकामी कशी परत करायची म्हणून त्या गिलकी घालून द्यायच्या. आमच्याकडे आलेल्या माणसाला आता दुधी घेतल्याशिवाय आई सोडत नाही. वीजमीटर बघायला येणारा पोरगा हल्ली फाटकाबाहेरूनच आकडा वाचतो.

उज्जैनचे गृहस्थ मात्र अधूनमधून फोन करून वेलाची चौकशी करत राहिले. परवा मी अंघोळीला गेलेलो, माझा फोन वाजला, तो वहिनींनी घेतला. त्यांचं नाव पाहून वहिनींना आशा वाटली असावी, कारण त्यांनी पदर सारखा केला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार," ते म्हणाले. "आमच्याकडे तीन आहेत हो, तिन्ही मुलीच निघाल्या. तुमच्याकडचा तो मुलगा अजून आहे ना? मी येऊन घेऊन जातो, फक्त चार फुलं लागतील. कापला तर नाही ना त्याला?"

वहिनींनी फोन बाथरूमच्या दाराशी ठेवला आणि त्या देवघरात जाऊन बसल्या.