चूक ऑफिसची असेल, तर ‘मी नाव बदललं’ असं लिहून देऊ नका

नर्सिंगच्या नोंदणी प्रमाणपत्रावर नर्सिंग कौन्सिलच्या ऑफिसकडून तुमचं नाव चुकीचं छापून आलं, तर कोणी कितीही घाई केली तरी नाव बदलल्याचं ॲफिडेविट करू नका. गॅझेट, म्हणजे सरकारी राजपत्रात नाव बदलल्याचं छापून आणणं, तर मुळीच नको. आमच्या वॉर्डातली एक मुलगी त्याच वाटेला लावली जात होती, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, हाताने आणि स्वभावाने चांगली पोरगी. आडनाव सावंत. पाच वर्षांचं नूतनीकरण केलं आणि नवीन प्रमाणपत्र आलं ते ‘सामंत’ म्हणून. नोंदणी क्रमांक तोच, जन्मतारीख तीच, शिक्षण तेच. इंग्रजीत डब्ल्यूच्या जागी एम पडला, एवढंच. तिने भरलेल्या अर्जाची प्रिंट तिच्याजवळ होती आणि त्यात स्पष्ट ‘सावंत’ होतं. चूक कुणाची, हा प्रश्नच नव्हता. तरी खिडकीवर उत्तर मिळालं, “ॲफिडेविट करा, गॅझेट करा, मग या.”

इकडे हॉस्पिटलच्या एचआरने तिचं नाव ड्यूटी लिस्टमधून काढलं. त्यांची भीती मला कळते. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या आयोगाच्या कायद्यात नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला शिक्षा आहे, आणि हॉस्पिटलचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या संस्थेचे लोक आले की प्रत्येक सिस्टरची नोंदणी तपासतात. पण इथे नोंदणी संपलीही नव्हती, रद्दही झाली नव्हती. नोंदणी रद्द करायची तर आधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. छपाईतल्या एका अक्षराने ती रद्द होत नाही. जुनं प्रमाणपत्र, नवीन प्रमाणपत्र आणि आधार शेजारी ठेवून पाच मिनिटांत निर्णय झाला असता. त्याऐवजी ती बिनपगारी घरी बसली, आणि आम्ही उरलेल्या जणींनी तिच्या नाइट वाटून घेतल्या. हप्ते, भाडं, गावी पाठवायचे पैसे या कुठल्याच गोष्टी चूक दुरुस्त होईपर्यंत थांबत नाहीत.

आता गॅझेटचं. आपल्या राज्यात राजपत्रात नाव बदलतात तेव्हा त्यात ‘जुने नाव’ आणि ‘नवीन नाव’ असं छापलं जातं. म्हणजे तिने ते केलं असतं, तर जुने नाव सामंत आणि नवीन नाव सावंत अशी कायमची नोंद झाली असती. ती एक दिवसही सामंत नव्हती! पुढे पासपोर्टच्या अर्जात विचारतात, तुम्ही कधी नाव बदललं आहे का, दुसऱ्या नावाने ओळखले जाता का. परदेशात नोंदणी करायची तर तिथेही आधीची नावं विचारतात. दरवेळी तिने या सामंतांचा खुलासा करत बसायचं? शिवाय ॲफिडेविट शपथेवर असतं. जे घडलंच नाही ते शपथेवर लिहून द्यायला एखाद्या मुलीला सांगणं मला फार गंभीर वाटतं. ऑफिसची चूक तिच्या सहीने तिच्या नावावर चढते.

आपण वॉर्डात काय करतो? पेशंटच्या नोट्समध्ये चुकीचं लिहिलं गेलं, तर त्यावर एक रेघ मारतो, खाली लिहिलेलं दिसलं पाहिजे अशी. बरोबर ते लिहितो, सही करतो, तारीख-वेळ टाकतो. ज्याने लिहिलं त्याने दुरुस्त करायचं. त्यासाठी पेशंटच्या नातेवाइकांना नोटरीकडे पाठवत नाही.

दुरुस्ती वेगळी आणि बदल वेगळा, हे काही मी शोधून काढलेलं नाही. जिग्या यादव विरुद्ध सीबीएसई या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हा फरक केला आहे. प्रकरण शाळेच्या प्रमाणपत्रांचं होतं, पण मुद्दा आपल्यालाही लागू पडावा असा आहे. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर तो बदल, तिथे गॅझेट योग्यच आहे. अर्ज भरताना आपलीच चूक झाली असेल तरी ॲफिडेविट समजू शकते. पण अर्जात बरोबर आणि प्रमाणपत्रात चूक, ही दुरुस्तीच.

आम्ही मग तिचा अर्ज नव्याने लिहिला. विषय ‘नावात बदल’ नाही, ‘प्रमाणपत्रातील लेखनदोष दुरुस्त करणेबाबत’. सोबत जुनं प्रमाणपत्र, दहावीचं प्रमाणपत्र, भरलेल्या अर्जाची प्रिंट, शुल्काची पावती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस, असं तिला बजावून सांगितलं होतं. तोंडी सांगितलेलं तिथे कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि त्या खिडकीमागच्या माणसावर कागदांचा केवढा ढीग असतो हेही मी पाहिलंय. त्याच दिवशी माहिती अधिकारात वेगळा अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागणी एकच, माझ्या मूळ नोंदणीच्या नोंदीची आणि नूतनीकरणाच्या अर्जाची साक्षांकित प्रत. कारण सांगावं लागत नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर पहिलं अपील करता येतं. मूळ नोंदीची प्रत हातात असली की वादाला जागाच राहत नाही.

तरीही ॲफिडेविटशिवाय कागद हलतच नसेल, तर मजकूर आपण ठरवायचा. ‘माझे नाव सावंत असून मी ते कधीही बदललेले नाही. प्रमाणपत्रातील सामंत हा उल्लेख लेखनदोष आहे.’ नोटरीकडचा तयार नमुना भरू नका, त्यात बहुतेक वेळा नाव बदलल्याचंच लिहिलेलं असतं.

एचआरलाही तिने पत्र दिलं, आवक क्रमांकाची प्रत जोडून. मेट्रन मॅडमनी त्यावर शिफारस लिहिली आणि ती पुन्हा लिस्टवर आली. दुरुस्ती व्हायची बाकी असतानाच. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, आणि बुडालेला पगार तिला मिळायला हवा असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन हे वाचत असतील त्यांना विनंती, अशा वेळी मुलीला एकटीला एचआरच्या दारात उभं करू नका, सोबत जा.

दुरुस्त प्रमाणपत्र मिळालं, आणि गॅझेट करावं लागलं नाही. मात्र ऑनलाइन नोंदीत त्यानंतरही सामंतच दिसत होतं, कारण कागद आणि कॉम्प्युटर दोन्हीकडची दुरुस्ती वेगवेगळी मागावी लागते. पडताळणी करणारे बहुतेक ऑनलाइनच बघतात. म्हणून अर्जातच लिहा, ‘प्रमाणपत्रात व ऑनलाइन नोंदीत’, आणि नवीन कागद हातात आला की नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, मुदत, सगळं तिथेच उभं राहून अक्षर अन् अक्षर वाचा.