१४८१ च्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर : महमूद गावान त्या यादीत असणारच

नमस्कार.

१४८१ सालातल्या घटना, जन्म आणि मृत्यू यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली. इतर वाचकांसाठी तिचा सारांश देते. लेख म्हणजे नुसती तारखांची माळ आहे; जन्म जेमतेम आले आहेत; दख्खनचं बहमनी राज्य फुटण्याची कारणं त्याचा वजीर महमूद गावान, ज्याच्या १४८१ मधल्या वधाला मी लेखात जागा दिली, त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहेत. आणि शेवटी हे वाक्य : "बीदरच्या एका वजिराला कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या सुलतानाच्या पंगतीला बसवणं हा गावच्या अभिमानाचा प्रकार आहे, इतिहासाचा नव्हे."

जन्मांची बाजू तोकडी आहे, हे मान्य. डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान आणि इटलीचा वास्तुकार बाल्दासारे पेरुझ्झी यांना एकेकच ओळ मिळाली. पेरुझ्झीला आणखी जागा देता आली असती. तारखांच्या माळेबद्दल मी वाद घालत नाही. वर्षाचा आढावा तारखांवाचून कसा घ्यायचा ते तुम्हीच सांगा.

आता ते वाक्य. पहिल्या तीन मुद्द्यांवर बोलता आलं असतं, पण तुम्ही लेखाची चिकित्सा करता करता लिहिणारीचं गाव काढलंत. तर ऐका. माझं माहेर बीदर जिल्ह्यातल्या भालकीजवळचं. गावानने बांधलेला बीदरचा मदरसा मी लहानपणापासून पाहत आले आहे. तीन मजली इमारत, एकच उरलेला मिनार, त्यावर निळ्या फरशांचे तुकडे. औरंगजेबाच्या काळात तिथे बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला आणि पुढचा भाग कोसळला. पुढे मी इतिहास शिकवला, सगळी नोकरी त्यातच गेली. मुलांना फिरिश्ता, म्हणजे दख्खनचा इतिहास फारसीत लिहिणारा इतिहासकार, वाचून दाखवताना कोणत्याही सुलतानाच्या लढाईपेक्षा गावानच्या वधाच्या वेळी वर्ग जास्त गप्प व्हायचा. याला तुम्ही गावचा अभिमान म्हणणार असाल तर खुशाल म्हणा. पण गावान बीदरचा नव्हताच! तो इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून कोकणात दाभोळला उतरला आणि तिथून बीदरला आला. माझ्या गावाचा त्याच्यावर हक्क असलाच तर इतकाच, की त्याला आम्ही मारलं.

कसं मारलं, हे तुम्ही लेखात वाचलंत की वरवर चाळलंत, कोण जाणे. सुभे चारच होते, ते त्याने आठ केले. सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे थेट सुलतानाच्या ताब्यात घेतले. जमिनीची मोजणी केली. सरदारांचं पोट जिथे दुखायचं, तिथेच त्याने हात घातला होता. मग त्यांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं. सुलतान मुहम्मदशहा तेव्हा कोंडापल्लीच्या छावणीत होता. हितचिंतकांनी गावानला गुजरातेत निघून जा म्हणून सांगितलं, ते त्याने ऐकलं नाही. शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही, एवढंच तो सुलतानापुढे म्हणाला. ५ एप्रिल १४८१ ला, सत्तरीच्या त्या माणसाचं डोकं उडवण्यात आलं. मागाहून खजिना तपासला तर स्वतःसाठी साठवलेलं फारसं काही निघालंच नाही, असं फिरिश्ता सांगतो.

आणि पंगतीचं म्हणाल तर ती मी मांडलेली नाही. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या त्या सुलतानाला, दुसऱ्या मेहमेदला, गावान स्वतः पत्रं लिहीत असे. ती त्याच्या पत्रसंग्रहात आजही वाचायला मिळतात. इस्तंबूलचा सुलतान ज्याच्याशी पत्रव्यवहार ठेवत होता, त्याला 'बीदरचा एक वजीर' म्हणून झटकून टाकायचं तुम्ही ठरवलंत. गावान गेल्यावर महिन्याच्या आत, ३ मे ला, मेहमेदही वारला. त्याचे मुलगे बायझीद आणि जेम गादीसाठी भांडले आणि त्याच्या फौजेने आदल्या वर्षी घेतलेलं इटलीतलं ओत्रांतो सप्टेंबरात हातचं गेलं. एकमेकांना लिहिणारी दोन माणसं एकाच वसंतात गेली, दोघांमागे दोन राज्यांत यादवी माजली. हे शेजारी शेजारी मांडायचं नाही, तर वर्षाचा आढावा घ्यायचा तरी कशाला?

त्याच वर्षीच्या २८ ऑगस्टला पोर्तुगालचा पाचवा अफोन्सो वारला आणि दुसरा जॉन गादीवर आला. त्याच्याच कारकिर्दीत, १४८८ मध्ये, पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियास आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून गेला. ज्या गोव्याच्या बंदरासाठी गावानने कोकणात मोहीम काढली आणि जे १४७२ मध्ये विजयनगरकडून जिंकलं, ते १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने घेतलं. कोणाकडून, तर गावानच्याच पंखाखाली वाढलेल्या युसूफ आदिलखानाने उभ्या केलेल्या राज्याकडून. अफोन्सोच्या ओळीवर तुम्ही अक्षर काढलं नाहीत. तिथे गावचा अभिमान दिसला नसावा.

राहता राहिली बहमनी राज्य आधीपासूनच पोखरलं होतं ही तुमची तक्रार. दख्खनी म्हणजे इथले आणि आफाकी म्हणजे इराण वगैरेंकडून आलेले सरदार, यांचं वैर जुनं होतं, आफाकींची चाकणची कत्तल आधीच्या पिढीतली होती, हे मलाही ठाऊक आहे. पण गावान असेपर्यंत ते राज्य एकत्र होतं आणि तो गेल्यावर दहा वर्षांच्या आत अहमदनगर, विजापूर आणि वऱ्हाड वेगळे झाले. अहमदनगर उभं करणाऱ्या मलिक अहमदचा बाप, मलिक हसन, हा गावानविरुद्धच्या कटातला पुढारी होता. मला एवढं पुरेसं वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर स्वतंत्र लेख लिहा, मी वाचेन.

लेखात गावानचे परिच्छेद आहेत तसेच राहतील. पेरुझ्झीबद्दल दोन ओळी वाढवते. पुढच्या वेळी तारीख चुकली असेल तर तारीख दाखवा, साधन चुकलं असेल तर साधन दाखवा. माहेर कुठलं, ही चौकशी इतिहासाच्या चर्चेत मला नको आहे.