नामदेव जाधव इटलीत शहीद झाले नव्हते, आणि तो क्यूआर कोड त्यांच्या घरचा नाही

परवा सैनिक टाकळीहून आत्याचा फोन. "अरं, आपल्या गावच्या जवानाच्या बायकूला पाचशे धाडायचं हाईत, त्यो चौकोन कसा दाबायचा?" दुधाच्या बिलातली नोट तिनं बाजूला काढूनही ठेवलेली. तो मेसेज एव्हाना निम्म्या कोल्हापुरात फिरलाय: 'सैनिक टाकळीचे नामदेव जाधव, बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना दिली, जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन नदी ओलांडताना शहीद. इंग्रजांनी दखलही घेतली नाही. मरणोत्तर परमवीर चक्र. वीरपत्नी हलाखीत, खालच्या कोडवर मदत करा.'

आधी पैशाचं. लढाई १९४५ ची, दुसऱ्या महायुद्धातली. वीरपत्नी तेव्हा अठराची धरली तरी आज शंभरीला टेकलेली. कोडखाली ना नाव, ना संस्था, ना गाव. द्यायचेच असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला द्या, पावती तरी मिळते.

आता 'शहीद'. जाधवांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉस ह्या इंग्रजांच्या शौर्यपदकासोबतचं मानपत्र जून १९४५ च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी राजपत्रात, छापलेलं आहे, तेवढं वाचलं तरी पुरे. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. सोबतचे बहुतेक सगळे सुरुंगांनी आणि मशीनगनने मारले गेले. ह्या गड्यानं एका जखमीला खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडं पोचवलं. परत आला. दुसऱ्यालाही तसंच नेलं. मग तिसऱ्यांदा गेला तो जर्मनांच्या मशीनगनवरच! हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तर ती फेकून हातबाँब घेतले आणि आणखी दोन ठाणी उडवली. मेसेजवाल्यानं दोन खेपांची एक केली, तिसरी गाळूनच टाकली आणि माणूस पहिल्याच खेपेला मारला. जाधव वारले १९८४ साली.

घोळ बहुधा यशवंत घाडग्यांशी झालाय. तेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, तेही इटलीतच, १० जुलै १९४४ ला लढताना पडले. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस मात्र खरोखर मरणोत्तर.

परमवीर चक्र सुरू झालं २६ जानेवारी १९५० ला, तेही १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीसाठी. आणि इंग्रजांनी दखल घेतली नाही म्हणे! त्यांचा सगळ्यात मोठा लष्करी सन्मान मग कुणी दिला?

जाधवांचं गाव अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं निमज. सैनिक टाकळी नव्हे. टाकळीनं फौजेला माणसं कमी दिली नाहीत, पण म्हणून दुसऱ्याचा माणूस आपला सांगायचा?

एक गोष्ट मान्य करतो. बांधावर चढून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना दिली, असं मेसेजात आहे आणि ते खरं आहे. मानपत्रातही आहे. गर्जना देतच त्यांनी मागच्या कंपन्यांना नदी ओलांडून यायला खुणावलं.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. नोट डब्यात परत टाकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "जगला म्हंतोस न्हवं? मग पेन्शन मिळाली असंल की रं त्येला?"