नकार दिला म्हणजे चोर?

बंड्यानं मोबाइल पुढे धरला. खुनाच्या एका प्रकरणात संशयितानं पॉलिग्राफला, म्हणजे खोटं पकडणाऱ्या मशीनच्या चाचणीला, नकार दिल्याची बातमी. "कर नाही त्याला डर कशाला? निर्दोष असता तर बसला असता खुर्चीत."

वकील त्याच्यावर तुटूनच पडला. "अरे, नकार हा त्याचा हक्क आहे. घटनेचं कलम 20(3), स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. 2010 साली 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक'मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं, गुंगीचं औषध देऊन बोलतं करणारी नार्को, पॉलिग्राफ, मेंदूचा आलेख काढणारं ब्रेन मॅपिंग, यातलं काहीही संमतीशिवाय करायचं नाही."

"निकाल माहीत आहे मला," जमादारकाका म्हणाले. आयुष्य पोलिसात गेलेला माणूस. "पण आम्ही करायचं काय ते सांग. थर्ड डिग्री नको म्हणता, मशीनही नको म्हणता. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडीची मुदत, संपत येतो, वरून फोन चालू असतात आणि आरोपी गप्प."

मला काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही. मारण्यापेक्षा मशीन बरं, या हिशोबानंच तर हे तंत्र आपल्याकडे रुजलं.

"पण ते मशीन मोजतं काय?" वकील म्हणाला. "छातीपोटाला नळ्या, दंडाला बीपीचा पट्टा, बोटांना घाम टिपणारे सेन्सर. म्हणजे श्वास, नाडी, रक्तदाब, घाम. खोटेपणा मोजत नाही ते, घालमेल मोजतं. कोठडीतल्या निर्दोष माणसाला घाम फुटणार नाही होय? आणि मुरलेला माणूस सहज निसटतो. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेतला ऑल्ड्रिच एम्स रशियनांना गुपितं विकत होता, तरी 1986 आणि 1991 अशा दोन पॉलिग्राफमधून पार झाला."

"जुनं झालं ते," बंड्या म्हणाला. "आता थेट मेंदू वाचतात."

हे वकिलाच्या पथ्यावरच पडलं. पुण्याच्या सत्र न्यायालयानं 2008 मध्ये विषप्रयोगाच्या एका खटल्यात जन्मठेप दिली, तेव्हा पुराव्यांमध्ये अशी मेंदूची चाचणीही होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावून आरोपी तरुणी गप्प बसलेली आणि तिला 'मी आर्सेनिक विकत घेतलं' अशी तिच्याच तोंडची वाटावीत अशी वाक्यं ऐकवलेली. तिनं तोंडातून शब्द काढला नाही, तरी आलेखावरून 'हा तिचा अनुभव आहे' असा निष्कर्ष काढला गेला. पुढे उच्च न्यायालयात तिला जामीन मिळाला. बंड्या थोडा चपापला. मग म्हणाला, "बरं, संमती घेऊन केलं तर? मग तर हरकत नाही ना?"

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं 2000 सालीच मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: संमती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवा, आधी वकील भेटू द्या, परिणाम समजावून सांगा, चाचणी स्वतंत्र संस्थेकडून करून घ्या. सेल्वी निकालानं त्या काटेकोर पाळायला सांगितल्या. पण त्या मोडल्या तर कुणाला काय शिक्षा, हे कुठे लिहिलंय? त्यासाठी स्वतंत्र कायदा हवा. युरोपीय संघानं 2024 च्या एआय कायद्यात पोलिसांची पॉलिग्राफसारखी एआय साधनं 'उच्च जोखमी'च्या यादीत टाकली. आपल्याकडे एआयवालं यंत्र उद्या एखाद्या ठाण्यात आलं तर त्याला नियम कोणता?

"पण अहवाल पुरावा म्हणून चालतच नाही," काका म्हणाले. "मग एवढी भीती कशाची?"

"काका, तुम्हीच सांगा, मग मागता कशाला?"

काका हसले. "धागा मिळतो. त्यानं सांगितलेल्या जागी हत्यार सापडलं की कलम 27 खाली पंचनामा." आरोपीनं दिलेल्या माहितीवरून जे सापडतं ते पुरावा म्हणून चालू देणारं हे जुन्या पुरावा कायद्यातलं कलम. नव्या साक्ष अधिनियमात त्याचा आकडा बदललाय, पण काकांच्या जिभेवर 27 च. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होते, चाचणी स्वेच्छेनं झाली असेल तर एवढी वाट सेल्वीनंही उघडी ठेवली आहे.

मी मध्ये पडलो. अहवाल कोर्टात जात नाही, पण टीव्हीवर जातो. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीच्या नार्कोची चित्रफीत वाहिन्यांवर दाखवली गेलीच की. माझं म्हणणं एवढंच, की चाचणी, तिचा निकाल आणि विशेषतः नकार, यातलं काहीही बाहेर सांगायला बंदी हवी आणि फोडणाऱ्यावर गुन्हा. 'नकार दिला' ही बातमी झाली की संमती कसली उरते? नाही म्हटलं तर गावभर चोर.

"बातम्या आम्ही नाही फोडत," काका म्हणाले आणि यावर सगळेच इतके हसले की काकांनाही हसू आवरेना.

बंड्यानं शेवटचा डाव टाकला. "आणि आरोपीच म्हणाला, करा माझी नार्को, तर?"

"तसा अबाधित हक्क त्यालाही नाही," वकील म्हणाला. "जून 2025 मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तेही सांगितलं. खटल्यात योग्य टप्प्यावर मागता येते, पण परवानगी कोर्टाची. संमती खरंच मोकळी आहे का, हे तिथे बघायचं."

"मोकळी!" काका म्हणाले. "आधी वकील भेटू द्या म्हणता. रात्री अकराला ठाण्यात गरिबासाठी कुठला वकील येतो?"

वकिलानं गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचं नाव घेतलं.

"कागदावर," काका म्हणाले. वकिलानं यावर वाद घातला नाही.