काका, जिंकणारा उमेदवार आधी कळत नाही

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर आतापर्यंत निदान सहा वेळा येऊन गेला. मराठीत आला, हिंदीत आला, एकदा तर त्याला तिरंगा आणि अमेरिकेचा झेंडा असे दोन्ही चिकटवलेले होते. मजकूर असा: ‘डेमोक्रॅटांनी २०१६ला बाई निवडली, हरले. २०२४ला पुन्हा बाई निवडली, पुन्हा हरले. मधे २०२०ला प्रायमरीच्या मतदारांनी आवडनिवड बाजूला ठेवली, जिंकणारा माणूस बरोबर ओळखला आणि जिंकले. मतदार शहाणा असतो, कोण निवडून येणार हे त्याला आधी कळतं. २०२८ला आवडणारा नको, निवडून येणारा द्या.’

शेवटच्या वेळी तो काकांनी पाठवला. सख्खे नव्हेत, न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या निम्म्या मराठी घरांचे ते काका आहेत. खाली त्यांनी स्वतःचे दोन शब्द जोडले होते: ‘इलेक्टिव्ह मेरिट!’ महाराष्ट्रात तिकीटवाटपाच्या हंगामात हा शब्द ऐकला नाही असा माणूस विरळा. फरक इतकाच की तिकडे ते मेरिट पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि ज्याचं तिकीट कापलं जातं तो बंडखोरी करतो. इथे प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, तुमच्या-माझ्यासारखा मतदारच घटकाभर पक्षश्रेष्ठी होतो. हातात मत एकच, पण डोक्यात सगळ्या देशाचा हिशोब. त्या हिशोबाबद्दलच मला बोलायचं आहे. मजकुरातलं एकेक वाक्य घेतो.

‘२०२४ला पुन्हा बाई निवडली.’ कुणी निवडली? २०२४च्या प्रायमऱ्या जो बायडन यांनी जिंकल्या, सुमारे १ कोटी ४० लाख मतं घेऊन. २१ जुलैला ते बाहेर पडले आणि पक्षाच्या प्रतिनिधींनी (प्रायमरीतून आलेले हेच प्रतिनिधी शेवटी अधिकृत उमेदवार ठरवतात) कमला हॅरिस यांना पुढे केलं. हॅरिस बाईंनी आजवर अध्यक्षपदासाठीची एकही प्रायमरी लढवलेली नाही. २०२०च्या शर्यतीतून त्या ३ डिसेंबर २०१९लाच, पहिलं मत पडायच्या आत, बाहेर पडल्या होत्या. म्हणजे २०२४ला प्रायमरीच्या मतदाराने निवडलेला माणूस बायडनच होता, एकदा ट्रम्प यांना हरवून दाखवलेला, ‘निवडून येणारा’. तोच नोव्हेंबरपर्यंत टिकला नाही. मजकूर ज्या वर्षाचा दाखला देतो ते वर्ष त्याच्याच विरुद्ध साक्ष देतं.

‘२०२०ला मतदारांनी जिंकणारा माणूस बरोबर ओळखला.’ इथे जरा थांबू, कारण खरी गंमत इथे आहे.

ट्रम्प यांना हरवू शकणारा हवा की आपल्या मतांशी जुळणारा, असा प्रश्न त्या वर्षी मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना राज्याराज्यांत विचारला गेला. बहुतेक ठिकाणी बहुमत पहिल्या बाजूने होतं. इतकं मजकुराचं बरोबर आहे. पण मग या ‘ओळखणाऱ्या’ मतदारांनी केलं काय? ३ फेब्रुवारीला, सगळ्यात आधी मतदान होणाऱ्या आयोवात, बायडन चौथे आले. ११ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. हरवू शकणाराच हवा म्हणणाऱ्या न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना तो बूटिजेज, क्लोबुशार, डावीकडे झुकलेले सँडर्स अशा चार-पाच इच्छुकांच्या चेहऱ्यांत दिसत होता. २२ तारखेला नेवाडा सँडर्स यांनी घेतलं आणि बायडन संपले, अशी चर्चा सुरू झाली. अध्यक्षपदाची ही त्यांची तिसरी शर्यत होती आणि तोवर तिन्हींत मिळून त्यांनी एकही राज्य जिंकलेलं नव्हतं.

मग २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला. २९ला बायडन यांना तिथे जवळजवळ ४९ टक्के मतं पडली. १ मार्चला बूटिजेज बाहेर, २ मार्चला क्लोबुशार बाहेर. ३ मार्चच्या ‘सुपर ट्यूजडे’ला चौदापैकी दहा राज्यं बायडन यांची. मिनेसोटा आणि मॅसॅच्युसेट्ससुद्धा, जिथे त्यांनी प्रचार जवळपास केलाच नव्हता. मॅसॅच्युसेट्स हे शर्यतीतल्याच एलिझाबेथ वॉरन यांचं स्वतःचं राज्य. त्या तिथे तिसऱ्या आल्या.

तीन आठवड्यांत बायडन यांचं वय, भाषण, धोरण, इतिहास, काय बदललं? काहीच नाही. बदलला तो ‘बाकीचे कुणाकडे चाललेत’ याबद्दलचा प्रत्येकाचा अंदाज. साउथ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय मतदारांपुरतं मी म्हणेन की तिथे नुसता हिशोब नव्हता, जुना परिचय आणि विश्वासही होता. पण सुपर ट्यूजडेच्या मतदाराने साउथ कॅरोलायनाकडे बघून मत बनवलं, आणि त्याच्यापुढच्याने सुपर ट्यूजडेकडे बघून. रिकामं हॉटेल सोडून गर्दीच्या हॉटेलात शिरतो तसं. गर्दीच्या हॉटेलात जेवण वाईट असतं असं नाही. पण रिकाम्या हॉटेलातलं आपण चाखलेलंच नसतं.

आणि आम्ही न्यू जर्सीवाले? आमची प्रायमरी करोनामुळे २ जूनवरून ७ जुलैला ढकलली. सँडर्स ८ एप्रिललाच थांबले होते. आम्ही घरबसल्या टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर ‘जिंकणारा’ ओळखला, त्याला ओळखणं म्हणायचं असेल तर.

बायडन नोव्हेंबरात जिंकले, म्हणजे निवड बरोबरच होती ना? असं काका विचारतीलच. जिंकले, ३०६ विरुद्ध २३२ इलेक्टोरल मतांनी (राज्याराज्यांतून मिळणारी ही मतंच अध्यक्ष ठरवतात), देशभरात सुमारे ७० लाख मतांच्या आघाडीने. पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली त्यांची आघाडी एकत्र केली तर ४३ हजारसुद्धा भरत नाही. ती तीन राज्यं फिरली असती तर दोघांच्या पारड्यात सारखी २६९ इलेक्टोरल मतं पडली असती. तेव्हा हाच मजकूर ‘पाहा, म्हातारा माणूस निवडला आणि काय झालं’ असा फिरला असता. सँडर्स किंवा वॉरन उभे असते तर काय झालं असतं, हे कुणालाच कधी कळणार नाही. ती निवडणूक झालीच नाही.

‘कोण निवडून येणार हे मतदाराला आधी कळतं.’ २००४ आठवून पाहा. इराक युद्धाला कडाडून विरोध करणारे हॉवर्ड डीन कार्यकर्त्यांचे लाडके होते. आयोवाच्या मतदारांनी मन मारून जॉन केरी यांना ३८ टक्के दिले, डीन यांना १८. कारण सरळ होतं: केरी व्हिएतनाममध्ये लढलेले, छातीवर पदकं, तेव्हाचे अध्यक्ष बुश त्यांना देशद्रोही कसे म्हणणार? ऑगस्ट उजाडला आणि नेमक्या त्याच पदकांवर चिखलफेक करणाऱ्या जाहिराती टीव्हीवर आल्या. नोव्हेंबरात बुश २८६, केरी २५१. ज्या गुणासाठी माणूस निवडला तोच गुण विरोधकाने निशाण्यावर घेतला. डीन उभे असते तर जास्त आपटले असते का? असतीलही. मी त्यांचा वकील नाही.

रिपब्लिकनांची गोष्ट याच्या उलट. मार्च १९८०मध्ये माजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड जाहीरपणे सांगत होते की इतका उजवा माणूस देशात निवडून येऊ शकत नाही. त्या माणसाने, रेगन यांनी, ४४ राज्यं जिंकली. २०१६ला जॉन केसिक सर्वेक्षणाचे आकडे दाखवत फिरत होते की हिलरी क्लिंटन यांना हरवू शकतो तो मीच. आकडे खोटे नव्हते. त्यांच्या पक्षाच्या मतदारांनी त्यांना एकच राज्य दिलं, त्यांचं स्वतःचं ओहायो, आणि पक्षातले जाणकार ज्याला हमखास पडणारा उमेदवार म्हणत होते त्या ट्रम्प यांना तिकीट दिलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. इलेक्टिव्ह मेरिटचा हिशोब धाब्यावर बसवणारा पक्ष त्या वर्षी जिंकला आणि हिशोब करणारा हरला.

कारण २०१६ला ‘सुरक्षित’ उमेदवार हिलरीच होत्या! हे मजकूर सोयीस्कर विसरतो. तेव्हा सँडर्स यांना मत देऊ नका, ते निवडून येणार नाहीत, असं सांगत होते ते इलेक्टिव्ह मेरिटवालेच. हिलरी हरल्या आणि त्यांचं मेरिट मागाहून काढून घेण्यात आलं.

‘बाई उभी केली, हरले.’ हरल्या हे खरं. २०१६ला हिलरींना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त होती. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून ७८ हजारांच्या आत सगळं फिरलं. ज्या मिशिगनमध्ये त्या साडेदहा हजारांच्या आसपास मतांनी हरल्या, तिथेच ग्रेचेन व्हिटमर २०१८ आणि २०२२ अशा दोन्ही वेळा गव्हर्नरपदी आरामात निवडून आल्या. आणि ५ नोव्हेंबर २०२४चा दिवस घ्या. ट्रम्प यांनी जिंकलेल्या विस्कॉन्सिन, मिशिगन आणि नेवाडामध्ये त्याच दिवशी सिनेटवर डेमोक्रॅट बायका निवडून आल्या: टॅमी बाल्डविन, एलिसा स्लॉटकिन, जॅकी रोझन. त्याच दिवशी त्याच पक्षाचे बॉब केसी, शेरॉड ब्राउन आणि जॉन टेस्टर हे तीन पुरुष सिनेटर पडले. यावरून ‘पुरुष उभा करू नका’ असा मजकूर मी फिरवायचा का? ॲरिझोनात रुबेन गायेगो हे पुरुष जिंकले, ते मी लपवत नाही. तीन-चार नावांवरून नियम काढता येत नाही, आणि दोन नावांवरून तर नाहीच. शिवाय २०२४ हे वर्ष सत्तेवर असलेल्यांना जगभर जड गेलं. ब्रिटनमध्ये सरकार गेलं, जपानमध्ये सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं, आपल्याकडे भाजप २४०वर थांबला. महागाईचा राग उमेदवाराचं लिंग बघून येत नाही.

या वाक्यात आणखी एक खोच आहे. ‘मला बाई चालेल हो, पण लोकांना चालणार नाही’ असं म्हणणारा माणूस स्वतःला पूर्वग्रहमुक्त समजत असतो. राज्यशास्त्रज्ञ रेजिना बेटसन यांनी याचा अभ्यास केला आहे. उमेदवाराबद्दल आकस नसतानाही, इतरांना असेल या धास्तीने मतदार किंवा देणगीदार त्याला टाळतो, आणि त्याचा फायदा गोऱ्या पुरुषांना होतो. दुसऱ्याच्या पूर्वग्रहाचा अंदाज बांधून आपण तो आपल्या हाताने अमलात आणतो.

ती धास्ती किती तकलादू असते ते २००८ने दाखवलं. २००७च्या शेवटापर्यंत साउथ कॅरोलायनातले कितीतरी कृष्णवर्णीय मतदारसुद्धा हिलरींकडे होते. गोरे लोक ओबामांना मत देणार नाहीत, मग आपलं वाया का घालवा? ३ जानेवारी २००८ला ओबामांनी आयोवा जिंकलं, नव्वद टक्क्यांहून अधिक गोऱ्या वस्तीचं राज्य. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात त्यांना ५५ टक्के मतं पडली, हिलरींच्या दुप्पट.

काकांनी त्या वर्षी ५ फेब्रुवारीला हिलरींना मत दिलं, न्यू जर्सीनेही हिलरींनाच कौल दिला. कारण तेव्हा काकांच्या मते काळा माणूस निवडून येणं शक्य नव्हतं आणि बाई येऊ शकत होती. हे ते स्वतः सांगतात, आणि आज मजकूरही तेच पाठवतात.

‘आवडणारा नको, निवडून येणारा द्या.’ यातला अर्धा भाग मी मान्य करतो. निवडून न येणारे उमेदवार असतात. २०१२ला मिझूरीत डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर मकॅस्किल यांनी सुमारे १७ लाख डॉलर खर्चून जाहिराती केल्या, त्या रिपब्लिकनांच्या प्रायमरीतले टॉड एकिन किती कट्टर आहेत हे सांगणाऱ्या. रिपब्लिकन मतदारांना वाटलं, वा, हाच आपला. एकिन प्रायमरी जिंकले, बलात्काराबद्दल भलतंच बोलून बसले आणि मकॅस्किल बाईंनी सीट राखली. आपल्याला हवा तो प्रतिस्पर्धी विरोधकांकडूनच निवडून घेण्याची ही युक्ती आपल्याकडच्या मुरलेल्या नेत्यालाही सुचली नसती. अँड्र्यू हॉल या अभ्यासकाने २०१५मध्ये दाखवलं की अमेरिकी काँग्रेसच्या अटीतटीच्या प्रायमरीत मवाळाऐवजी जहाल उमेदवार निसटता जिंकला, तर मुख्य निवडणुकीत पक्षाच्या मतांचा वाटा सरासरी ९ ते १३ टक्केबिंदूंनी घटतो. हा शेकडो मतदारसंघांचा हिशोब आहे आणि तो उमेदवाराच्या भूमिकांबद्दल आहे. रंग, आडनाव आणि लिंग बघून बांधलेला अंदाज हा हिशोब नव्हे, पण ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणताना दोन्ही एकाच पिशवीत घातले जातात.

त्याच पिशवीत तिसरी वस्तूही असते. डेमोक्रॅटिक प्रायमरीत १५ टक्क्यांच्या खाली राहणाऱ्याला प्रतिनिधी मिळत नाहीत. त्यामुळे आपला उमेदवार तिथवर पोचत नसेल तर दुसऱ्या पसंतीकडे वळणं हा खराखुरा व्यवहार आहे. पण तो मार्चमध्ये तिकीट कोणाला मिळेल याचा विचार झाला, नोव्हेंबरात कोण जिंकेल याचा नव्हे. आयोवात दहा टक्केच मतं मिळवणारा नोव्हेंबरात हरेलच असं नाही. बायडन यांना २००८च्या आयोवात एक टक्काही मिळाला नव्हता.

इतकं सगळं मी गटावर लिहिलं तेव्हा काकांचं एका ओळीत उत्तर आलं: ‘ठाणेदारांचं काय मग?’ म्हणजे बेळगावचे श्री ठाणेदार (‘श्री’ हे त्यांचं नावच). २०१८ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ते तिघांत तिसरे आले, व्हिटमर जिंकल्या. तेव्हा काका म्हणाले होते, ‘नाव उच्चारता येत नाही त्याला मिशिगनवाले कशाला मत देतील?’ २०२२ला डेट्रॉइटच्या मतदारसंघात, जिथे कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने आहेत, ठाणेदार पुन्हा प्रायमरीला उभे राहिले. मतं बाकीच्या आठ जणांत विभागली आणि तीस टक्क्यांच्या आतल्या मतांवर ते जिंकले. नोव्हेंबरात तर सहज. नाव तेच होतं, उच्चारही तोच.

त्या रात्री गटावर अभिनंदनाचा पहिला संदेश काकांचाच होता. ‘मला माहीतच होतं.’